शिळ्या पाण्यास खुले पत्र

प्रति,
तीर्थस्वरूप शिळे पाणी,
मुक्काम निळा ड्रम, न्हाणीशेजारी, लातूर.

सा. न. वि. वि.

आपणांस ‘तीर्थस्वरूप’ लिहिले ते वयाचा मान राखून. एरवी आपले वय ते काय, अवघे आठ दिवस! पण आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो आणि त्या पहाटे आपण एकाएकी वयोवृद्ध होता. आदल्या रात्रीपर्यंत आम्ही आपल्याला तांब्या-तांब्याने जपलेले असते. पोरगा हात धुताना दोनदा पाणी घेतो म्हणून त्याच्यावर डोळे वटारलेले असतात. पाहुण्यापुढे पेला अर्धाच भरून ठेवलेला असतो (वर ‘चहा टाकलाय’ हेही सांगितलेले असते).

पहाटे साडेतीनला लाइनमन व्हॉल्व्ह फिरवतो. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग दोन-चार उचक्या देतो. तेवढ्याने आईला जाग येते. ड्रमाच्या तोंडावर बांधलेले धोतराचे फडके सोडत ती मला हाक मारते, “ऊठ, सांडून दे ते शिळं. नवं आलंय की!” मी डोळे चोळत ड्रम तिरका करतो. आपण पायरीवरून अंगणात, अंगणातून नालीत. तिथे शेजारपाजारचे आपले भाऊबंद आधीच पोचलेले असतात. आमच्या गल्लीतून पाणी वाहताना पाहायचे असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नये, नळाच्या दिवशी यावे.

मला आपली जन्मपत्रिकाच विचारायची आहे. गेल्या सप्टेंबरात मांजरा धरणात साठलेले पाणी आम्ही मे महिन्यात पितो. तिकडे धनेगावला, धरणात, ते आठ महिने उन्हातान्हात उघडे पडलेले असते, तरी ताजे! आमच्या घरी फडक्याखाली सावलीत आठ दिवस काढले की शिळे. देवघरात गंगेची सीलबंद गडवी आहे, आजोबांनी काशीहून आणलेली. तिला शिळी म्हणून दाखवा, आई घर डोक्यावर घेईल.

आणि २०१६? तेव्हा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्चमध्ये गावातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागले होते. पाण्यासाठी घोळक्याने एकत्र यायचीही चोरी. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. कृष्णेचे पाणी तीनशेवर किलोमीटर डब्यात बसून आले, तेही राजस्थानात कोट्याला धुऊन आणलेल्या डब्यांत. ते शिळे आहे, असे स्टेशनावर एक माणूस म्हणाला नाही. आता हिशेब ऐका. आपला ड्रम २०० लिटरचा. नळाच्या दिवशी त्यात निम्मे पाणी उरलेले असते. पाच हजार घरांनी अर्धा-अर्धा ड्रम नालीत ओतला की त्या पहाटेची अख्खी गाडी ओतून झाली.

आपली बाजू घेतोय म्हणून आपले सगळेच गुण गाणार नाही. तोंड उघडे राहिले, कुणी आत हात बुडवला की आपण बिघडता. साठून राहिल्यावर क्लोरीनही उतरत जाते. आणि आठ दिवस म्हणजे डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडून जायला पुरेसे. म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. पण ड्रम रिकामा करून कडा घासा, एवढेच ते सांगते. नालीत ओता, असे नाही. अळ्या झाल्याच तर झाडाच्या आळ्यात ओता, कोरड्या मातीत त्या मरून जातात. संडासाला, फरशीला आपण आजही चालता. वगराळ्याने काढले आणि वर फडके घट्ट असले, तर उकळून पोटातही चालता.

खरे सांगू? आम्ही आपल्याला खराब झालात म्हणून ओतत नाही. नवे भरायला भांडे रिकामे लागते म्हणून ओततो आणि ‘शिळे’ हे नाव मागाहून चिकटवतो. आठ दिवसांची आमची ती काटकसर नव्हतीच. पुढचा नळ येतो की नाही, ही धास्ती होती. व्हॉल्व्ह फिरला की धास्ती सरते, आणि तिच्याबरोबर आपणही. पुन्हा त्याच पहाटे गल्लीभर गोधड्या धुतल्या जातात, मोटारसायकली न्हातात, तोटी नसलेल्या नळाची नळी टाकीत टाकून माणसे झोपी जातात. गच्चीवरून धार लागली तरी उठत नाहीत. ‘नळाचा दिवस’ म्हणजे आमच्याकडचा सणच म्हणा ना.

सण एक दिवस अलीकडे घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. धुणे, फरशी, झाडे, सगळे नळाच्या आदल्या संध्याकाळी उरकायचे. म्हणजे पहाटे ड्रम आपोआप तळाला गेलेला, सांडायला काही उरलेलेच नाही. नळ चुकला तर? म्हणून पिण्याची घागर तेवढी वेगळी राखायची.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ड्रम तिरका करणारा

ता. क. : आज मंगळवार. नळ शुक्रवारी पहाटे आहे. ड्रम निम्मा आहे. गोधड्या गुरुवारी संध्याकाळी भिजवणार आहे. आईला अजून सांगितलेले नाही.