सातशे दोनवाले

हाउसिंग सोसायटीत माणसाला आडनाव असायचं तर फ्लॅट त्याच्या नावावर असावा लागतो. भाड्यानं राहणाऱ्याला नंबर असतो. आमच्या वाकडच्या सोसायटीत बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांना वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे ‘सातशे दोनवाले’ म्हणतात. इस्त्रीवाला त्यांच्या बोचक्यावर खडूनं ७०२ लिहितो आणि मुलांच्या क्रिकेटमध्ये त्यांचा मुलगा ‘सातशे दोनचा’ म्हणून फलंदाजीला येतो. दारावरच्या पितळी पाटीवर मात्र मूळ मालकाचं नाव आहे, आणि मालक न्यू जर्सीला आहे. पाटी काढायची नाही असं करारात कुठंही लिहिलेलं नाही. पण ती चार स्क्रूंवर बसवली आहे, स्क्रू काढले की भिंतीत भोकं दिसतील, आणि भोकांबद्दल करारात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे नवा कुरियरवाला दारावर भलतंच नाव वाचून परत फिरतो आणि सातशे दोनवाले त्याच्यामागे सात मजले धावत उतरतात. लिफ्ट असते, पण ती बहुधा पाचव्यावर अडकलेली असते.

हा गृहस्थ फक्त आमच्याकडेच आहे असं समजायचं कारण नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला आहे, नाशिकला गंगापूर रोडला आहे. चाळिशी गाठलेली, नोकरी बरी, स्वभाव मुळात सालस. मोबाइल मात्र बघण्यासारखा. मुलीच्या वाढदिवसाचा फोटो दाखवायचा म्हटलं तर आधी बाथरूमच्या छताचे पन्नास फोटो सरकवावे लागतात, आणि सरकवताना प्रत्येकावर दोन वाक्यं होतात.

त्यांच्या घरातलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे बेडरूमची उत्तरेकडची भिंत. तिला ओल आहे. दर पावसाळ्यात ओल जिथवर येते तिथं सातशे दोनवाले तिच्या कडेकडेनं शिसपेन्सिलीची रेघ ओढतात आणि खाली बारीक अक्षरात तारीख घालतात. इतक्या वर्षांत त्या भिंतीवर भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखा एक नकाशा तयार झालाय. पाहुण्याला चहाच्या आधी ती भिंत दाखवतात. ‘‘ही आषाढातली. ही श्रावणातली. आणि इथं बघा, गणपतीच्या दहा दिवसांत दोन बोटं पुढं सरकली.’’ आतून वहिनींचा आवाज येतो, ‘‘अहो, पलंग तिकडं सरकवा म्हणून मी केव्हाची सांगतेय!’’ पण पलंग सरकवला तर ओल झाकली जाईल, आणि झाकलेल्या ओलीची तक्रार करायची कशी?

करारात खिळा ठोकायला बंदी आहे. त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर उभं असतं. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलेलं असतं, दार उघडलं की अख्खा महिना हलतो. आजोबांची तसबीर सोफ्याच्या एका कोपऱ्यात टेकून बसलेली असते. पाहुणे दोनापेक्षा जास्त आले की आजोबांना उचलून आत नेतात. हॉलवरच्या माळ्याला मालकाचं कुलूप आहे, आत मालकाच्या आईची तांब्यापितळेची भांडी आहेत म्हणे. माळ्याचं क्षेत्रफळ काढून सातशे दोनवाल्यांनी हिशेब केलाय. ‘‘म्हणजे त्यांच्या पातेल्यांचं भाडं दरमहा मी भरतोय.’’

दर अकरा महिन्यांनी नव्या कराराचा सोहळा होतो. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालकाचं कुलमुखत्यारपत्र त्याच्या मेहुण्याकडे आहे, तो येतो, अंगठा लावतो, पहिल्या झटक्यात हिरवा दिवा. सातशे दोनवाल्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. ‘‘साहेब, अंगठा जरा केसांतून फिरवा,’’ एजंट सांगतो. सातशे दोनवाले केसांतून फिरवतात. केस विरळ झाल्यामुळे उपयोग होत नाही. मग कपाळावर घासून बघतात. शेवटी वहिनी ओल्या फडक्यानं पुसून अंगठा दाबून धरतात तेव्हा कुठं राज्य शासनाला तो पटतो. भाडं पाच टक्क्यांनी वाढलेलं असतं. ‘‘ओल पण वाढलीय,’’ सातशे दोनवाले मेहुण्याला म्हणतात. मेहुणा म्हणतो, ‘‘भाओजींना सांगतो.’’

कायदा त्यांना मालकापेक्षा चांगला पाठ आहे. करार अकराच महिन्यांचा का, असं त्यांना चुकूनही विचारू नये. लिफ्ट बंद असेल तर अजिबातच नाही, कारण उत्तर सात मजले पुरतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी अकराची पळवाट काढली. मग महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचासुद्धा करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. पळवाट बुजली, पण तिचा आकडा राहून गेला. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं! हे शेवटचं ते दोनदा म्हणतात. आपलं म्हणणं खरं धरलं जाईल असं त्यांच्या आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी छापून आलंय. दुर्दैवानं त्यांचा मालक प्रत्येक करार वेळच्या वेळी नोंदवतो. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं पैसे भरावे लागतात, असंही त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं. ते मात्र सातशे दोनवाले सांगत नाहीत. वहिनी सांगतात.

तक्रारीची ही गादी वंशपरंपरागत आहे. वडील सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचे भाडेकरू होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून टाकली होती. मालकाला भाडं वाढवता येईना, भाडेकरू काढता येईना, म्हणून तो फुटकी कौलंही बदलीना. वडील ओसरीवर बसून, मालकाच्या बरोबर खिडकीखाली, खणखणीत आवाजात गळक्या कौलांवर बोलत. त्यांना बाहेर काढायचं तर मालकाला कोर्टात जावं लागलं असतं, आणि निकाल बहुधा मालकाच्या नातवाला ऐकायला मिळाला असता. मुलाला बाहेर काढायला एक महिन्याची नोटीस पुरते. वडिलांचा आवाज वारशानं मिळाला, वडिलांचा कायदा काही मिळाला नाही.

बरं, तक्रार करायची कुणाकडे? सेक्रेटरीकडे गेलं की सेक्रेटरी म्हणतात, ‘‘तुम्ही तुमच्या ओनरशी बोला.’’ ओनरशी बोलायचं तर सकाळी सातला. तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि मालक जेवून गप्पांच्या तयारीत असतो. ‘‘अरे, फोटो पाठव ना!’’ फोटो जातात. उलट अंगठा येतो. हा अंगठा कुठलंही यंत्र लगेच घेतं. एकदा खरोखरच प्लंबर आला. त्यानं भिंतीवर दोन ठिकाणी टकटक केलं आणि पाणी वरून येतंय असं सांगून तीनशे रुपये घेतले. आठशे दोनच्या काकू म्हणाल्या, ‘‘आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, बाहेरून येत असेल.’’ बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीच्या खर्चात येते आणि बाथरूमची ज्यांची त्यांनी बघायची असते. त्यामुळे एकदा का पाणी बाहेरचं की आतलं हा प्रश्न निघाला की पाणी सोडून बाकी सगळं थांबतं. कमिटीनं ‘ओनरचा लेखी अर्ज आल्यास विचार करू’ असं ठरवलं. ओनरनं अंगठा पाठवला.

त्यांनी सोसायटीला एकदा हरवलंही आहे. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरमसाट लावत होती. सातशे दोनवाल्यांनी राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश काढून दाखवला. महापालिकेचा कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर एक रुपया घेता येत नाही. कमिटीनं मुकाट्यानं आकडा खाली आणला. फायदा झाला न्यू जर्सीचा, कारण हे पैसे भरतो मालक. ‘‘तुम्हाला काय मिळालं?’’ वहिनींनी विचारलं. ‘‘तत्त्व,’’ सातशे दोनवाले म्हणाले. वहिनींनी ते कुठं ठेवायचं हे विचारलं नाही, माळ्याला कुलूप होतं.

वार्षिक सभेला वेळेवर येणारा माणूसही हाच. सभा दहाची असली तर पावणेदहाला क्लबहाउसच्या दारात कागद घेऊन उभा. कोरम भरत नसतो, पण यांना मोजता येत नाही, कारण भाडेकरू सभासद नसतो. त्याला मत नाही, बोलायला परवानगी नाही. बटाटेवडा घ्यायला आहे. ते वडा घेत नाहीत. दारातूनच ऐकत राहतात आणि आत कोणी ‘‘बिल्डिंग अगदी टकाटक आहे’’ म्हणालं की मोठ्यानं खाकरतात.

खरी गोम इथंच आहे. मालकाला आपल्या घरातले दोष दिसू शकत नाहीत. वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या भिंतीला ओल आहे हे मान्य केलं तर हप्ता भरताना हात कापेल. आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर विकताना भाव पडेल. म्हणून ओनर्सच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं येतात आणि गळतीचा विषय निघाला की कोणीतरी घाईघाईनं लिहितं, ‘इथं नको, पर्सनलवर बोलू.’ ज्याचा एक रुपया इमारतीत अडकलेला नाही तोच तिच्याकडे धडपणे बघू शकतो. पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय, गच्चीच्या कठड्याला चीर गेलीय, जनरेटरच्या खोलीत कबुतरांनी संसार थाटलाय, ही सगळी माहिती आमच्या सोसायटीला एका बिनमताच्या माणसानं फुकट पुरवलेली आहे. त्याबद्दल त्याला ‘कटकट्या’ ही पदवीही फुकटच मिळाली.

शेवटी मालकानं भाडं एकदम वाढवायचं म्हटलं आणि सातशे दोनवाल्यांनी घर सोडलं. डिपॉझिट परत करताना मेहुणा भिंतीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ही पेन्सिल कोणी चालवली? रंगाचे पंधरा हजार कापावे लागतील.’’

‘‘अहो, रंग ओलीनं गेलाय!’’

‘‘ओल आधीपासून होती, याला पुरावा?’’

‘‘ह्या रेघा! तारखा आहेत ना खाली!’’

पुरावा आणि गुन्हा एकाच पेन्सिलीतून निघाल्यामुळे साडेसात हजारांवर तडजोड झाली.

आता ते सोसायटी सोडून लांब कुठंतरी जातील या आनंदात कमिटीनं शिफ्टिंग चार्जेस माफ करायचं मनावर घेतलं होतं. टेम्पो बी विंगच्या जिन्यापासून निघाला, क्लबहाउसला वळसा घातला आणि ए विंगपाशी थांबला. मुलांची शाळेची बस, दूधवाला, पोळीवाल्या मावशी ही कारणं वहिनींनी सांगितली. सातशे दोनवाल्यांचं कारण वेगळं होतं. ‘‘इतके अर्ज प्रलंबित आहेत इथं, ते टाकून जायचं कसं?’’

नव्या बाल्कनीतून बी विंगची उत्तरेकडची भिंत पूर्ण दिसते. पहिल्याच रविवारी त्यांना तिच्यावर सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये आडवी भेग सापडली. फोटो ग्रुपवर पडला. पाणी बाहेरचं ठरलं, वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटीच्या गळ्यात आला आणि आठशे दोनच्या काकूंनी सोसायटीभर पेढे वाटले. भेग कोणी शोधली याची इतिवृत्तात नोंद आहे की नाही हे बघायला सातशे दोनवाल्यांनी प्रत मागितली. इतिवृत्त सभासदांसाठी असतं. ‘‘तुम्ही तुमच्या ओनरशी बोला,’’ सेक्रेटरी म्हणाले. नवा ओनर सिंगापूरला असतो. तिथलं घड्याळ आपल्यापुढं फक्त अडीच तास, म्हणजे फोन दिवसभरात केव्हाही करता येतो. नव्या घराबद्दल एवढी एकच गोष्ट चांगली आहे, असं ते म्हणतात.