जबडा बंद, तक्रार सुरू: नवशिक्या रुग्णासाठी

पायरी पहिली. जे काही सुनवायचं ते शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सुनवून घ्या. जबड्याचं हाड कापून, सरकवून, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवलं की वरचे-खालचे दात बरेचदा रबरांनी एकमेकांना बांधतात. बोलणं गेलं, गोळी गिळणंही गेलं.

शुद्धीवर आल्यावर ब्युपिव्हॅकेनच्या इंजेक्शनमुळे ओठ-हनुवटी काही तास बधिर असतात. या काळात नवशिका 'मला दुखतच नाही' असं पाटीवर लिहून सगळ्या वॉर्डाला दाखवतो. दाखवू द्यावं. पण दुखण्यावरच्या औषधाचा डोस बधिरपणा उतरायच्या आत सुरू करून घ्यावा.

पायरी दुसरी, सुईची वाट पाहणे. दुखलं, बेल वाजवली, सिस्टर आल्या, केसपेपर पाहिला, कपाटाची किल्ली शोधली, कमरेत डायक्लोफिनॅक टोचलं. आता ते स्नायूतून रक्तात उतरेपर्यंत छत न्याहाळा. औषध चांगलंच आहे, वाट लांबची आहे. त्यापेक्षा शिरेतून पॅरासिटामॉल, दर 6 तासांनी, दुखो वा न दुखो. इतका रटाळ उपाय दुसरा नाही, आणि माझं मत त्यालाच.

सपोझिटरीचं नाव निघालं की नातेवाईक खिडकीबाहेर बघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पण गुदाशयातून औषध रक्तात नीट शोषलं जातं, आणि तिथे रबरं नसतात. लाजू नका.

आता बटणवाला पंप. 1976 च्या सुमाराला 'कार्डिफ पॅलिएटर' नावाचं यंत्र बाजारात आलं, तेव्हापासून रुग्ण स्वतःच बटण दाबून शिरेतून मॉर्फिन घेऊ शकतो. एका दाबाला साधारण 1 मिलिग्रॅम. मग 5-10 मिनिटं पंप ढिम्म, कितीही दाबा. खरी सुरक्षा मात्र याहून साधी आहे: गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही. म्हणून उशाशी बसलेल्या मावशींना आधीच सांगा, "मावशी, प्रेम करा, बटण दाबू नका." झोपलेल्या भाच्याच्या कळवळ्याने दाबलेलं बटण त्याचा श्वास मंदावू शकतं. शिवाय मॉर्फिनने मळमळतं, आणि दात बांधलेल्या माणसाला उलटी होणं हा विनोद नाही. रबरं कापायची कात्री उशाशी असते ती त्यासाठी. पंप रुबाबदार खरा, पण पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं वेळेवर मिळाली तर त्याचं बटण फार दाबावं लागत नाही.

घरी गेल्यावर लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप सिरिंजने गालाच्या फटीतून सोडायचं. 5 मिलिलीटरमध्ये 250 मिलिग्रॅमवालं असेल तर मोठ्या माणसाच्या 1 ग्रॅमला 20 मिलिलीटर लागतं. म्हणजे चमचाभर स्ट्रॉबेरीने भागत नाही. दिवसाचा हिशेब 4 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यात सर्दीच्या औषधातलं पॅरासिटामॉलही धरा. गोळी कुटून द्यायला निघालेल्या उत्साही मंडळींना पाकिटावरचं नाव वाचायला लावा. पुढे 'एसआर' असेल तर खलबत्ता जागेवर ठेवायचा. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं.