नवरदेव एसटीत

घरात फायबर आणि खिशात सिम अशी दोन इंटरनेट असली की वाटतं, दोन्ही जोडावीत, वेग दुप्पट व्हावा. दोन जोडण्या घेणारा साधा राउटर इथे निराश करतो. एक काम तो या वाटेने लावतो, दुसरं त्या वाटेने. एकच मोठा सिनेमा उतरवायचा असेल तर तो एकाच वाटेने येतो. दुसरी वाट जांभया देत बसते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या 1974 च्या मांडणीतून आलेल्या, इंटरनेटवरची माहिती पोचवणाऱ्या टीसीपीला हे चालतं. त्याच्या लेखी जोडणी म्हणजे दोन टोकांचे दोन पत्ते. पत्ता बदलला की ओळख संपली.

मल्टिपाथ टीसीपी ही ओळख पत्त्यावरून सोडवतं. त्याची प्रायोगिक आवृत्ती 2013 ची, आणि त्याच वर्षी ॲपलने ते सिरीसाठी वापरलं. बोलत बोलत दाराबाहेर पडलात, वायफाय सुटलं, तरी संभाषण मोबाइलवरून चालूच.

गंमत आहे ती दोन्ही वाटा एकदम वापरण्यात. एकाच लग्नाचं अर्धं वऱ्हाड जीपने निघावं, अर्धं एसटीने, आणि मांडवात शिरायचा क्रम मात्र आधीच ठरलेला असावा, तसं हे. जीपवाले केव्हाचे पोचलेत, पण पहिला मान नवरदेवाचा आणि नवरदेव एसटीत. मग सगळे बाहेर ताटकळत. म्हणून डेटाची पाकिटं दोन वाटांवर वाटून देणारा शेड्यूलर आधी लवकर पोचणारी वाट भरतो, मगच दुसरीकडे बघतो. दुसरी फारच रेंगाळणारी असेल तर तिच्यावर काहीच न टाकणं फायद्याचं ठरतं. दोन जोडण्यांचे पैसे भरून एकच वापरायची, हा शहाणपणा बिलात दिसत नाही.

मला खरा आवडतो तो मल्टिपाथ टीसीपीचा 2011 चा एक नियम. पुढे दोन्ही वाटा एकाच अरुंद ठिकाणी मिळाल्या, तर दोन वाटावाल्याने एकवाल्यापेक्षा जास्त जागा अडवायची नाही. इतकी सभ्यता आपल्या टोलनाक्यावर आली तर टोल आनंदाने भरू.

वाटा अशा एकत्र येतात मात्र वारंवार. मोबाइलच्या टॉवरलाही अनेकदा खालून फायबरच लागते, दोन कंपन्यांच्या फायबर पुष्कळदा एकाच चरातून जातात, आणि जेसीबीवाला खणण्यापूर्वी कुठली कोणाची हे विचारत नाही.