मुक्कामी विमान

एसटीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलंही वाहन दिसलं, की ते कुठून आलं आणि कुठे निघालं याच्याआधी त्याचा ड्रायव्हर काल रात्री कुठे झोपला, हा प्रश्न मनात येतो. मी वाहतूक नियंत्रक होतो. गाडी फलाटाला लागलीय, प्रवासी बसलेत, कंडक्टर वे-बिल घेऊन उभा आहे आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही, हे दृश्य मला अजून स्वप्नात दिसतं. म्हणून अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला, मुलाकडे राहायला गेलो आणि समोरच्या घरात खासगी जेट विमानाचा वैमानिक राहतो असं कळलं, तेव्हा मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं विमान कुठे असतं?"

तो म्हणाला, "माहीत नाही."

मला वाटलं, आपलं इंग्रजी चुकलं. पुन्हा सावकाश विचारलं. त्यानेही तितक्याच सावकाश सांगितलं, "उद्या ड्युटी आहे. विमान कुठे आहे, ते आज रात्री फोनवर कळेल."

खासगी विमान म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. शेठजींचा बंगला, मागे तबेला, तबेल्याशेजारी कोचवानाची खोली. शेठजींनी हाक मारली की कोचवान पागोटं सावरत हजर. घोड्याच्या जागी विमान ठेवलं, एवढाच काय तो फरक. आता हा कोचवान सांगत होता की घोडा कुठल्या गावी बांधलाय, तेच त्याला ठाऊक नाही.

याचं मूळ कोलंबसमध्येच आहे. १९६४ साली इथे एक्झिक्युटिव्ह जेट नावाची कंपनी निघाली. आज ती नेटजेट्स म्हणून ओळखली जाते. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान चालवणारे पॉल टिबेट्स पुढे या कंपनीचे अध्यक्ष होते आणि याच शहरात वारले. (हे ऐकल्यावर माझा चहा जरा वेळ हातातच राहिला.) १९८६ साली तिचे मालक रिचर्ड सँटुली यांनी एक युक्ती काढली. सँटुली मुळात गणितातले. अख्खं विमान घेणं भल्याभल्यांना झेपत नाही, आणि घेतलं तरी ते वर्षातला बराच काळ नुसतं उभं असतं. मग विमानाचे वाटे घालून विकायचे. सुरुवात पाव हिश्शाची. त्या विमानांच्या शेपटीवरच्या क्रमांकाच्या शेवटी अजूनही 'क्यूएस' ही अक्षरं असतात, म्हणजे 'क्वार्टर शेअर', पाव वाटा. १९९८ साली वॉरन बफे यांनी ही कंपनी ७२५ मिलियन डॉलरला विकत घेतली. बफेंनी त्याआधी आपल्या कंपनीसाठी विमान घेतलं होतं, तेव्हा त्याला नाव दिलं होतं 'इन्डिफेन्सिबल'. समर्थन करता येणार नाही असं. स्वतःच्या खर्चाला इतकं खरं नाव ठेवणारा दुसरा श्रीमंत मला माहीत नाही.

पुढे वाटे आणखी लहान झाले. सोळावा हिस्सा घेतला, की वर्षाला पन्नास तास उडता येतं. सोळावा हिस्सा! म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने एक आणा. आमच्या गावच्या विहिरीत आमचा दोन आणे हिस्सा होता आणि त्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या. इथे एक आण्याचे सोळा धनी एका विमानावर नांदतात आणि भांडत नाहीत. कारण सोपं आहे. ज्या विमानात आपला आणा गुंतलाय, त्यातच बसायला मिळेल असं नाही. मालकाने फोन केला, की त्याच जातीचं जवळपास जे मोकळं असेल ते येतं. सोमवारी शिकागो, मंगळवारी मायामी, बुधवारी डोंगरातलं ॲस्पेन. ज्याला धनी सोळा, त्याला गाव एकही नाही. ते बारा महिने तेरा काळ मुक्कामी.

मुक्कामी गाडी हा माझा विषय. रात्री नऊला आडगावात पोचायचं, पहाटे तिथूनच सुटायचं. जोडी गाडीतच झोपायची, नाहीतर देवळात. कुणी भला माणूस गरम भाकरी आणून द्यायचा. पण तिथे गाडी आणि जोडी एकाच गावात असायची. इथे विमान एकीकडे मुक्कामाला आणि जोडी दोन वेगळ्या राज्यांत आपापल्या घरी. समोरच्या वैमानिकाची पाळी सात दिवस काम, सात दिवस सुट्टी अशी. पाळी संपेल त्या दिवशी विमान जिथे असेल तिथेच ते सोडून घरी यायचं. आठव्या दिवशी दुसरी जोडी देशाच्या दोन टोकांहून निघून त्या विमानापाशी भेटायची. पुष्कळदा एकमेकांना पहिल्यांदाच.

आता ही माणसं विमानापर्यंत जातात कशी, हे ऐका. मी झोप येत नाही म्हणून पहाटे खिडकीशी बसतो. सव्वाचारला समोरचा दिवा लागतो. थंडीत आधी काचेवरचा बर्फ खरवडल्याचा आवाज येतो. मग गणवेश घातलेला तो चाकांची बॅग पिकअपमध्ये टाकतो आणि विमानतळावर जातो. तिथून पुढे तो आपल्यासारखाच. रांगेत उभं राहायचं, आणि कंपनीने काढून दिलेल्या तिकिटावर नेहमीच्या प्रवासी विमानात बसायचं. तिकीट आदल्या रात्री निघालेलं, त्यामुळे सीट मधलीच. डाव्या हाताला घोरणारा, उजव्या हाताला लेकुरवाळी, पाठीमागे संडास. गणवेश पाहून कुणीतरी हमखास विचारतंच, "तुम्ही इथे, मग विमान कोण चालवतंय?" तो दरवेळी हसतो. मला वाटतं, त्याच्या पगारातला काही भाग या हसण्याचा असावा.

समजा विमान टेटरबरोला आहे. न्यूयॉर्कच्या धनिकांचं हे आवडतं विमानतळ पलीकडे न्यू जर्सीत, आणि तिथे प्रवासी कंपन्यांची विमानं उतरतच नाहीत. म्हणजे नेवार्कला उतरायचं आणि टॅक्सी करायची. पोचल्यावर विमानाची तपासणी, इंधन, हवामान. शिवाय लहान जेटमध्ये हवाई सुंदरी नसते, म्हणून बर्फ भरायचा, कॉफी करायची, वर्तमानपत्रं लावायची, सीटवरच्या बिस्किटांचा चुरा झटकायचा. कॅप्टन म्हणून गॉगल लावून नुसतं उभं राहणं फक्त सिनेमात. मग मालक येतात. मोटार थेट विमानापाशी. मोटारीपासून शिडीपर्यंत दहा पावलं. शिडीच्या तोंडाशी हा, ताज्या चेहऱ्याने, "सुप्रभात."

त्या दहा पावलांच्या अलीकडे एक पिकअप, एक मधली सीट आणि एक टॅक्सी आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसायला नको असतं. तो त्या कामात वाकबगार आहे.

माझ्यातल्या नियंत्रकाला एका गोष्टीने मात्र फार समाधान दिलं. अमेरिकेच्या सरकारी नियमात लिहिलंय की कंपनीने वैमानिकाला कामाच्या जागी नेण्यासाठी केलेला लांबचा प्रवास विश्रांतीत धरायचा नाही. चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती हवीच. म्हणजे उरले चौदा, आणि मधल्या सीटवरचे तास त्यातूनच वजा. सकाळचं विमान चार तास रखडलं, तर संध्याकाळी मालकाला सांगावं लागतं, साहेब, आमचे तास संपले, दुसरी जोडी येईल. एक आण्याचा असो की सोळा आण्यांचा, धन्याला घड्याळापुढे थांबावंच लागतं. मी हे ऐकून इतका खूश झालो, की सूनबाईला वाटलं नातवाचा काहीतरी निकाल लागला.

मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांचं दुखणं उलटं. त्यांचं विमान कुठे, ते पक्कं असतं; पण घर दुसऱ्या गावी असलं तर तिथवर पोचणं ज्याचं त्याने पाहायचं. दुसऱ्याच्या विमानात जागा उरली तर बसायचं, कॉकपिटमधल्या घडीच्या खुर्चीवरसुद्धा. रात्री झोपायला पाच-दहा जणांनी मिळून भाड्याची खोली घ्यायची. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात अशा खोल्या इतक्या, की लोक त्याला 'क्रू गार्डन्स' म्हणू लागले. काही ठिकाणी खाट कुणाच्या नावावर नसते. जी रिकामी दिसेल तिच्यावर अंग टाकायचं. हे सगळं मला नवीन नव्हतं. माझा थोरला चुलता लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा. गिरणीची पहिली पाळी उठली, की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर. खोलीत माणसं मोजायची झाली तर पाळ्यांनी भागावं लागे. त्या वळकटीचा नातू विमान चालवायला लागला, एवढंच.

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही, हेही त्यानेच सांगितलं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक विमान कोसळलं आणि पन्नास माणसं गेली. त्यातली सहवैमानिक सिअ‍ॅटलकडची. नेवार्कला कामावर हजर होण्यासाठी आदली रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करत आली होती. त्यानंतर तिकडच्या प्रवासी कंपन्यांचे विश्रांतीचे नियम बदलले. आमच्या डेपोतही पहाटेच्या ड्युटीचा ड्रायव्हर रात्री गावाहून सायकल मारत यायचा आणि मी त्याचे डोळे बघून गाडी द्यायचो. डोळे बघणं हे नियमाच्या पुस्तकात नव्हतं.

सातव्या दिवसाची गंमत सांगायची राहिली. मालक उतरले, की पुढच्या मालकाला आणायला विमान बऱ्याचदा रिकामंच उडतं. आमच्याकडे याला 'डेड किलोमीटर' म्हणायचे आणि ते वाढले की विभागीय कार्यालयातून पत्र यायचं. इथे कातडी खुर्च्यांचं विमान एका दिशेला रिकामं जातं, आणि ज्याने ते आठवडाभर चालवलं तो दुसऱ्या दिशेला, मधल्या सीटवर, कोपर आत घेऊन, खारे दाणे खात घरी येतो.

या येण्याजाण्याचे विमान कंपन्यांचे पॉइंट आणि मुक्कामाचे हॉटेलचे पॉइंट त्याच्या स्वतःच्या खात्यात जमतात. इतके जमलेत, की नवरा-बायको फुकटात हवाईला जाऊन येतील. बायको दरवर्षी विषय काढते. या उन्हाळ्यात ती दोघं दोन तासांवरच्या एरी सरोवराकाठी चार दिवस राहून आली, मोटारीने. मोटार बायको चालवत होती आणि हा मागच्या सीटवर आडवा होऊन झोपला होता.