पोचा-चऱ्याचे गृहोपचार

कल्याणजवळच्या मोहन्यात नवी गाडी आणणाऱ्याला पहिला चरा केव्हा पडेल, हे पंचांगात पाहावे लागत नाही. शहाडच्या रस्त्यावर शेअर रिक्षाचे मडगार्ड, बाजारात हातगाडीचा दांडा आणि या दोन्हींतून वाचलात तर आपल्याच इमारतीचा खांब, यांपैकी कोणीतरी ते कार्य उरकून देतो. पुढचे विधी गृहस्थाने स्वतः करावयाचे असल्यास खालील क्रम पाळावा.

मुहूर्त. पावसाळा वर्ज्य. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो आणि लांबी (पुट्टी) ओल धरते. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्याने जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नये. मे महिन्यातले ऊनही वर्ज्य, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्याआधीच वाळतो. उरतात हिवाळ्यातले रविवार. त्या दिवशी लग्ने असतात.

सल्लागार मंडळ. हे बोलवावे लागत नाही. बादली खाली ठेवल्याचा आवाज पुरतो. रेयॉन बनवणारी इथली एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, पण तिथे उमेदीची वर्षे घालवलेल्या फिटर-वेल्डरांची नजर अजून चालू आहे. असे एक काका येतात, हात मागे बांधून पाहतात आणि म्हणतात, "भाऊ, सुरुवातच चुकली." त्यांना खुर्ची द्यावी. त्यांचे म्हणणे बहुधा खरे असते.

निदान. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन चऱ्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही, तर इजा फक्त वरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला. नख अडकले तर रंगाला. पत्रा चमकताना दिसला तर गंज वाटेवर आहे. त्याला लोकलची वाट पाहावी लागत नाही.

उपचार पहिला : वरवरचा चरा. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा, मग मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड लावून चमक आणावी. क्लिअर कोट केसापेक्षाही पातळ असतो, आणि कडांवर तर रंगच कमी असतो. म्हणून "अजून थोडे घासू" हा विचार मनात येताच उठून चहाला जावे. भांड्यांची तारेची घासणी वापरून चरा जातो, हे खरे आहे. सोबत रंगही जातो.

उपचार दुसरा : पोचा. प्लास्टिकच्या बंपरवर उकळते पाणी ओतून आतून दाबल्यास पोचा पुष्कळदा बाहेर येतो. हातमोजे घालावेत. तिसऱ्या मजल्यावरून पातेले उतरवताना जिन्यात कोणी "काय, चहा का?" असे विचारल्यास थांबू नये, पाणी निवते. हाच प्रयोग दरवाजावर केल्यास दरवाजा स्वच्छ होतो. पत्रा गरम पाण्याला बधत नाही. हातोडी तर घरातच ठेवावी, कारण ताणला गेलेला पत्रा पुन्हा जागेवर बसवणे हे कारागिराचे काम आहे.

उपचार तिसरा : खोल चऱ्याला लांबी आणि रंग. लांबीत हार्डनर जास्त पडला तर ती भरण्याआधीच घट्ट होते, कमी पडला तर वाळतच नाही. काका याच क्षणाची वाट पाहत असतात. घासून सपाट केल्यावर लगेच प्रायमर मारावा. रंगाचा कोड गाडीच्या दरवाजाच्या चौकटीजवळ किंवा बॉनेटखाली सापडतो. तो अचूक मिळाला तरी उन्हाने फिकटलेल्या गाडीवर नवा रंग उठून दिसतोच, विशेषतः मेटॅलिक चंदेरी. मग जुळवण्यासाठी शेजारचा भाग, मग पूर्ण दरवाजा, मग दुसरा दरवाजा, अशी प्रगती होते.

अर्थकारण. विमा आहे म्हणून हुरळू नये. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. वर, दावा न करता साठलेली सवलत, जी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचते, नूतनीकरणाच्या वेळी शून्यावर येते. छोट्या चऱ्यासाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

निर्णय. नखाला न लागणारा चरा घरी घालवा. पत्रा दिसत असेल तर त्याच दिवशी टच-अप रंगाने जागा बुजवा. दिसायला वाईट चालेल, गंज नको. पत्र्याचा पोचा मुकाट्याने गॅरेजला न्या. आणि यांपैकी काहीच जमत नसेल, तर गाडी तशीच वापरा. खांब अजून जागेवरच आहे.