हिरव्या शाईचा प्रसाद

शिर्डीत सरकारी चौकशीला सर्वांत बेफिकीर उत्तरं कुणी दिली असतील, तर ती खुद्द साईबाबांनी. बी. व्ही. नरसिंहस्वामींनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. धुळ्याच्या कोर्टात दागिन्यांच्या चोरीचा खटला चालू होता. आरोपीने सांगून टाकलं, ऐवज मला शिर्डीच्या बाबांनी दिला. झालं, बाबांचा जबाब घ्यायला कमिशन शिर्डीत हजर. नाव? लोक साईबाबा म्हणतात. वडिलांचं नाव? तेही साईबाबाच. धर्म? कबीर. जात? परवरदिगार. वय? लाखो वर्षं. कमिशनने हे सगळं मुकाट लिहून घेतलं. ‘सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडा’ असं कुणी म्हणाल्याची नोंद नाही. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे कारभार ढिसाळ असणारच.

आज हाच जबाब घेऊन बाबा एखाद्या सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिले असते, तर पहिल्या मिनिटात परत पाठवले गेले असते. अर्जदार आणि वडील यांचं नाव एकच, सिस्टिम घेत नाही. वयाच्या रकान्यात लाख बसत नाहीत. जातीसाठी पणजोबांचा उतारा आणा. आणि जन्मस्थळ? त्या रकान्याला हात लावायची हिंमत कुणी करू नये. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बाबांचं जन्मस्थान म्हणून परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि १९ जानेवारीला मंदिर सोडून अख्खी शिर्डी बंद झाली. सरकारने एक रकाना परस्पर भरायला घेतला, त्याचा हा परिणाम. बरं, बाबांचं चरित्र लिहिणारे दाभोलकर, म्हणजे आपले हेमाडपंत, स्वतः वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट. त्यांच्या सहीला वजन होतं, शिक्का हाताशी होता. तरी त्यांनीही जन्मगावाची जागा कोरीच सोडली. शहाणा माणूस.

एका कागदाचाही आधार नसलेल्या फकिराच्या या गावात आज झेरॉक्स मशीनला क्षणाची उसंत नाही. लॉजच्या काउंटरवर भक्त ‘साईराम’ म्हणतो आणि समोरून ‘आधारची झेरॉक्स’ असं उत्तर येतं. खोली एक, माणसं सहा, झेरॉक्स सहा. हे गठ्ठे पुढे कुठे जातात, हा प्रश्न एकदा आधारवाल्यांनाच पडला होता. २७ मे २०२२ रोजी त्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयाने जनतेला बजावलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, गैरवापर होईल. देश घाबरला. २९ तारखेला वरून खुलासा आला की ती सूचना मागे घेतली आहे, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं. दोन दिवस तेवढे आपण सावध होतो.

पण नुसती झेरॉक्स ही कच्ची वस्तू. तिच्यावर ‘मूळ प्रतीवरून तपासली, सत्यप्रत’ असा शिक्का आणि त्याखाली हिरव्या शाईची वळणदार सही उमटली, की तिच्यात प्राण येतो. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की पोरं बगलेत फाइल मारून राजपत्रित अधिकाऱ्याच्या शोधात फिरू लागतात. तालुक्याची कचेरी राहात्याला. पाच-सहा किलोमीटर जायचं, साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायचं, वाटेवरचे पेरू घेऊन परत यायचं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कुणाच्या मेहुण्याचे डॉक्टर किंवा प्राचार्य शोधायचे. या कामात आपल्याकडे ओळख ही पात्रता आहे. साहेब ज्याला ओळखतात, त्याची मार्कशीट खरी.

प्रत्यक्ष विधी बघण्यासारखा असतो. साहेब फोनवर बोलत असतात. शिपाई गठ्ठा समोर सरकवतो, पण पूर्ण पान उघडत नाही. खालचा कोपरा तेवढा पत्त्यांसारखा उलगडत जातो आणि साहेब त्या कोपऱ्यावर सही ठोकत जातात. वर मार्कशीट आहे की किराणा मालाची यादी, याच्याशी त्या कोपऱ्याचा संबंध नाही. शिक्क्याचं पॅड वाळलेलं. शिपाई शिक्का तोंडाजवळ नेतो, ‘हाऽऽ’ करून त्यावर वाफ मारतो आणि दाबतो. अर्धाच उमटतो. चालतो. मूळ कागद पोराच्या हातात शेवटपर्यंत प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये असतात, ते कुणी मागत नाही. पोरगं भाबडं असलं तर म्हणतं, “सर, ओरिजिनल पण आणलेत.” त्यावर साहेब प्रेमाने सांगतात, “जपून ठेव, हरवतील.”

मग हा गठ्ठा घेऊन तो खिडकीवर जातो. तिथेही तो मूळ कागद पुढे करतो. उत्तर ठरलेलं : मूळ चालत नाही, साक्षांकित झेरॉक्स द्या. डोळ्यांसमोरच्या खऱ्यापेक्षा, ज्याला आपण कधी पाहिलं नाही अशा माणसाने न बघता खरी म्हटलेली नक्कल अधिक खरी. आपल्या संतांनी द्वैत-अद्वैताचा एवढा खल केला, पण या सिद्धांतापर्यंत त्यांची मजल गेली नाही.

यात गंमत अशी की हे सगळं बंद झालेलं आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या बाराव्या अहवालात स्वयंसाक्षांकनाची शिफारस केली. २०१४ मध्ये केंद्राने ती उचलून धरली. महाराष्ट्र सरकारने ९ मार्च २०१५ रोजी रीतसर शासन निर्णय काढला की कायद्याने सक्तीचं नसेल तिथे प्रतिज्ञापत्र मागू नये आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी नागरिकाने स्वतःच प्रतीवर सही करावी. सोबत घोषणापत्राचा नमुनाही दिला : प्रत खोटी निघाली तर माझ्यावर खटला भरा. म्हणजे जबाबदारी नेमकी कोणाची, हे प्रथमच कागदावर आलं. आधी सही साहेबांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी पद्धत होती.

निर्णय मंत्रालयातून निघाला. खिडकीपर्यंत पोचायला त्याला अजून सवड मिळालेली नाही. ‘स्वतःच सही केलीत? मग खरी कशावरून?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो. प्रतिज्ञापत्राची कथा तर याहून रंगतदार. जे मागू नका असं २०१५ ला ठरलं, त्याच्या मुद्रांकाचा दर ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरावरून पाचशेवर गेला आणि मार्च २०२५ मध्ये सरकारी दाखल्यांपुरता माफ झाला. न लागणारा कागद महाग करायचा, मग तो माफ करून आभार घ्यायचे. याला लोककल्याण म्हणतात.

आणि विशेष कार्यकारी अधिकारी! पूर्वी यांना विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणत, आता सुटसुटीत ‘एसईओ’. पक्षाच्या कार्यकर्त्याला तिकीट देता आलं नाही, महामंडळ देता आलं नाही, तर निदान शिक्का द्यावा, या उदात्त हेतूने ही संस्था फोफावली. साक्षांकन हे त्यांचं मुख्य कार्य. म्हणजे साक्षांकनाची गरज संपल्यावर ही मंडळी कमी व्हायला हवीत, असं तुमच्या-आमच्या गणिताला वाटतं. सरकारचं गणित वरच्या इयत्तेचं. पूर्वी हजार मतदारांमागे एक एसईओ असे, २०२५ च्या नव्या धोरणात पाचशेमागे एक. आजार बरा झाला म्हणून डॉक्टर दुप्पट केले. तसं बघितलं तर हे लोक साहेबांपेक्षा परवडले. चहाच्या टपरीवर भेटतात, शिक्का खिशात असतो, आणि सहीच्या बदल्यात फार तर येत्या निवडणुकीची आठवण करून देतात.

आपल्या जिल्ह्याला तर अलीकडे दुहेरी योग आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यामुळे जन्मदाखल्यावर एक जिल्हा, नव्या उताऱ्यावर दुसरा. माणूस हलला नाही, घर हललं नाही, पण दोन्ही प्रती समोर ठेवल्या की कारकुनाच्या कपाळाला आठी पडते. आता हे दोन जिल्हे एकच असल्याची सत्यप्रत कोणाकडून आणावी? माझ्या मते राजपत्रच गळ्यात लॅमिनेट करून घालावं.

नक्कल आणि अस्सल यांचा झगडा मिटवायचा, तर शिर्डीत त्याचा एक जुना दाखला आहे. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि विजयादशमीला, ७ ऑक्टोबर १९५४ रोजी तिची स्थापना झाली. बाबांनी देह ठेवून तेव्हा ३६ वर्षं झाली होती. तालमांपुढे होतं ते छायाचित्र, म्हणजे नक्कलच. आख्यायिका सांगते की काम अडलं तेव्हा बाबांनीच त्यांना दर्शन देऊन धीर दिला. हे इतिहासातलं पहिलं स्वयंसाक्षांकन समजायला हरकत नाही. त्या मूर्तीच्या पुढे लाखो प्रतिकृती झाल्या, रिक्षाच्या डॅशबोर्डपासून परदेशातल्या देवळांपर्यंत. एकीवरही हिरवी सही नाही. भाविकाने कधी मागितली नाही.

तंत्रज्ञान आलं म्हणून सुटका होईल, या भ्रमात राहू नये. सातबारा १५ रुपयांत डिजिटल सहीसह घरबसल्या निघतो. डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य, हे केंद्राने नियमात लिहिलेलं आहे. नागरिक मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे करतो. खिडकीतला आवाज म्हणतो, प्रिंट आणा. प्रिंट आणली की म्हणतो, यावर सही कुठाय? यावर आहे ती यंत्राची, आम्हाला माणसाची हवी.

तेव्हा वाचकहो, येत्या जूनमध्ये पोराला राहात्याच्या चकरा मारायला लावू नका. झेरॉक्स काढा, त्यावर स्वतः सही करा, शाई निळी असली तरी बिघडत नाही. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाची एक प्रत फाइलमध्ये ठेवा. खिडकीतून ‘चालत नाही’ आलं, तर वाद घालू नका, आवाज चढवू नका. कोणत्या नियमाने चालत नाही, तेवढं लेखी मागा. आणि मिळालंच, तर त्याची झेरॉक्स घेऊ नका, मूळ कागदच घ्या.