दाव्याचे इन्स्पेक्टर

धाराशिव-लातूरकडच्या गावांत शेळ्या घरोघरी असतात, तात्या मात्र गावाला एकच. नोकरीतून निवृत्त झालेले, दोन उस्मानाबादी शेळ्यांचे मालक. शेळ्या काळ्या कुळकुळीत, वेताला दोन-दोन करडं देणाऱ्या. पण तात्यांचं नाव झालंय ते दाव्यामुळे. शेळी कुठे बांधावी, कशी बांधावी, किती लांब दोरीनं बांधावी, या विषयावर त्यांच्यापुढे तोंड उघडायची गावात कुणाची छाती नाही.

दव असेतो तात्यांच्या शेळ्या गोठ्याबाहेर पडत नाहीत. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांच्या अळ्या चढून बसलेल्या असतात, असं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. उन्हं वर आली की वरात निघते. पुढे शेळ्या, मागे मेखा, हातोडा आणि पाण्याची बादली सांभाळत तात्या.

जागा निवडणं हा स्वतंत्र सोहळा. मेख ठोकायच्या जागेपासून ते चहूकडे पावलं मोजत चालतात. दाव्याच्या टप्प्यात विहीर, बांध, गडगा, काटेरी झुडूप, काही म्हणजे काही येता कामा नये. शेळीला उंचावर चढायची भारी हौस. ती बांधावरून पलीकडे उडी मारते आणि दोरी अलीकडेच संपते. मग लोंबकळणाऱ्या जिवाला सोडवायला सहसा कुणी वेळेवर पोचत नाही. दोन मेखांमधलं अंतर दोन्ही दाव्यांच्या बेरजेपेक्षा जास्त हवं, नाहीतर दोघी मिळून असा गुंता करतात की सोडवता सोडवता संध्याकाळ होते. दहा फुटी दाव्यात ३१४ चौरस फूट चरायला मिळतं, मग वीस फुटीत किती, हे गणित तात्या रस्त्यानं जाणाऱ्या शाळकरी पोरांना घालतात. उत्तर चौपट. पोरं हल्ली ओढ्याकडून शाळेत जातात.

झाडाला बांधलेली शेळी दिसली की त्यांचं डोकं फिरतं. ती फेऱ्या घालत दावं खोडाला गुंडाळत जाते आणि भर दुपारी बघावं तर नाक सालीला टेकलेलं, बादली चार हात लांब, सावली पलीकडे. "वटपौर्णिमा करतीय व्हय रं तुझी शेळी?" असं ते मालकाला भर चावडीवर विचारतात.

शेजारच्या मावशींनी एकदा जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, सरकत्या गाठीनं शेळी बांधली होती. तात्या कुंपणापाशी उभे राहिले.

"मावशे, हे दावं हाय का गळफास? वढली की आवळतंय."

"शेळी माझी हाय, तात्या. तुमच्या सुनेची कपडे वाळत घालायची दोरी कुठं गेली, ते बगा आधी."

तात्या निमूट घरी गेले. तात्यांच्या घरात कपडे हल्ली दारावर वाळतात. मावशींनी मात्र ते वळताच गाठ बदलली.

दाव्याच्या मध्ये गरगर फिरणारी भोवरकडी बसवायचा आग्रह तर त्यांनी इतका धरला, की गावातला लोहार त्यांना लांबून बघूनच भट्टी विझवतो. पण भोवरकडी नसली की दोरीला पीळ पडतो, दोरी आखूड होते आणि पायात अडकते. पाऊस झाला की काळी माती मऊ पडते, मेख सहज उपटते आणि शेळी थेट कुणाच्या तरी कोवळ्या ज्वारीत. त्यात दोन भानगडी. कोवळ्या ज्वारीत विष असतं. किराळ लागली तर जनावर बघता बघता आडवं होतं. वाचलं, तर कोंडवाडा आहेच. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा, आणि त्यात शेळ्या-करडंही येतात, हे तात्यांनी सरपंचांना इतक्यांदा ऐकवलंय की सरपंच त्यांना बघून मोबाइल कानाला लावतात.

एवढं सगळं करून तात्या घरी परततील, तर ते तात्या कसले? बांधलेल्या जनावराला कुत्र्यांपासून पळता येत नाही आणि माळावर लांडगाही असतो, म्हणून ते बाभळीखाली पोतं टाकून बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शेळ्यांची तपासणी तिथूनच चालते. गाव त्यांना हसतं. पण त्यांच्या दाव्याला शेळी दगावल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तेव्हा त्यांची बडबड सोडून द्या, पण आपल्या शेळीचा गळपट्टा आजच तपासा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत.